निळ्या भांड्यांचा महिना

११ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी मला दोन वह्या दिल्या. एक नोंदीची. तीत पोराचा नंबर, वय, थेंब घेतलेत की नाही आणि शी कधी मिळाली ते लिहायचं. दुसरी देताना म्हणाल्या, "आजी, ही कच्ची राहू द्या, खाडाखोड करायला." मी चौथी पास आहे, खाडाखोड कशाला करीन? म्हणून दुसरी माझी. त्या वहीत त्यांना हवं ते, हीत मला हवं ते.

सव्वीस वर्षं या बालवॉर्डात फरशी पुसली. आता बढती झाली. फरशीवरून शीवर आले. घरी सून म्हणाली, "आई, माणसं वर चढतात." मी म्हटलं, तू चढून दाखव, मी खालून टाळ्या वाजवते.

काम असं. जुलाबाचा एक विषाणू आहे, त्याला रोटा म्हणतात. गेलं दीड वर्ष दवाखान्यांतून तान्ह्या पोरांना त्याच्यावरच्या लशीचे थेंब तोंडात देतात. वरच्या ऑफिसला बघायचंय की थेंबांनी तो खरंच जातोय, की कपडे बदलून दुसऱ्या दाराने येतोय. म्हणून जुलाबाने दाखल झालेल्या पाच वर्षांच्या आतल्या प्रत्येक पोराची चमचाभर शी बाटलीत घ्यायची, झाकण घट्ट लावायचं, नंबर घालायचा आणि जिन्याखालच्या खोलीत नेऊन द्यायची. तिथे चष्मेवाला बसतो, तो तपासतो. एवढा शिकलेला माणूस, दिवसभर बघतो काय, तर शी. न शिकल्याचं मला जे थोडंफार वाईट वाटायचं ते तेव्हापासून वाटेनासं झालं.

आज एका आईने विचारलं, "कशाला हवी हो तुम्हाला?" म्हटलं, चौकटीत घालून भिंतीला लावायला. हसली. हसली की देतात.

या विषाणूला मी त्याचं नाव कळायच्या आधीपासून ओळखते. आधी उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब, आणि एक आंबूस-गोडसर वास. तसा वास दुसऱ्या कशाला येत नाही. माझा थोरला सात महिन्यांचा होता, दीड दिवसात गेला. तेव्हा कोणी वही ठेवत नव्हतं. असो. चहा निवला.

१८ नोव्हेंबर

पहिल्या आठवड्यातल्या नऊ बाटल्यांचा निकाल लागला. दोनांत रोटा निघाला. त्या दोन कोणत्या ते मी आधीच सांगितलं होतं, नुसत्या वासावर. चष्मेवाला म्हणाला, "आजी, तुमचं नाक इथे ठेवून जा, मी यंत्र परत पाठवतो."

इतके दिवस मी डायपर उलटा करून, प्लॅस्टिकची बाजू आत घालून बांधत होते. नाहीतर तो सगळं पिऊन टाकतो आणि पिळायला मलाच सांगतात. आज पोरांना बसवायला पाच निळी भांडी आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भांडी स्वच्छ ठेवा हं." मला म्हणाल्या. सव्वीस वर्षं जिने या वॉर्डाला घासलं तिला.

आता बघा म्हणावं. भांडी ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून ठेवते. काढली की तळाशी त्याच पाण्याचा अर्धा पेला राहू देते. शी चिकटत नाही, बाटलीत पटकन ओतता येते, वासही मारत नाही. माझ्या आधी हे काम करायची त्या बाईला हे सुचलं नव्हतं. सुचलं असतं तर ती निवृत्त कशाला झाली असती?

२ डिसेंबर

नवल झालं. पंधरा दिवसांत चौदा बाटल्या, आणि एकीतही रोटा नाही.

चष्मेवाल्याने मला त्याची पट्टी दाखवली. इवल्या इवल्या वाट्यांची पट्टी असते. रोटा असला तर वाटी पिवळी होते, नसला तर पाण्यासारखी राहते. मुद्दाम विषाणू घालून ठेवलेली वाटी पिवळीधमक होती, म्हणजे यंत्र ठणठणीत. बाकी सगळ्या पाणी. डॉक्टरीणबाई दोनदा मोजून म्हणाल्या, "इतकं चांगलं असू शकतं का?" मी म्हटलं, चांगलं झालं की माणसं घाबरतात, वाईटाची सवय असते. त्या हसल्या, पण भुवई काही खाली आली नाही.

घरी येऊन सांगितलं. मला वाटलं सून खूष होईल. ती झालीच, पण भलत्याच कारणाने. माझी नात, आमची गोटी, अकरा आठवड्यांची आहे. सहाव्या आठवड्यात सुया टोचल्या तेव्हा तिला दोन दिवस ताप आला. पोरीपेक्षा आईच जास्त रडली, आणि त्या गडबडीत थेंब राहिले ते राहिलेच. मी रोज टोकते. आज सून म्हणाली, "मग आता कशाला द्यायचे? तुमच्याच इस्पितळात तो उरला नाही म्हणता. सुंठीवाचून खोकला गेला."

मी उठून सगळ्यांची ताटं घासायला घेतली. असं वर्षातून एकदा होतं.

मुलगा म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा." हा जन्मल्यापासून हेच म्हणतोय.

वॉर्डातल्या सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, पहिला थेंब पंधरा आठवड्यांच्या आत, नंतर देत नाहीत. बोटांवर मोजलं. तीस डिसेंबर.

९ डिसेंबर

नऊ नंबरच्या खाटेवर पोस्टमनची मुलगी आली. दहा महिन्यांची. थेंब घेतलेले नाहीत. आधी उलट्या, मग पाणी. डोळे खोल गेलेले, चिमटा काढला तर कातडी तशीच उभी. तिला उचललं आणि मला तो वास आला. सलाइन लागेपर्यंत मी खाटेपासून हलले नाही. फरशी पुसायची होती म्हणून.

पैज लावून सांगितलं, हा तोच आहे.

११ डिसेंबर

पोस्टमनच्या मुलीची वाटी पाणी. चष्मेवाला म्हणतो, दुसरं काहीतरी असेल.

यंत्राला नाक नाही.

१४ डिसेंबर

आज डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. चहा दिला. म्हणजे काहीतरी बिनसलंय.

म्हणाल्या, "आजी, थेंब घेतलेल्या पोरांत विषाणू नाही, हे मला पटतं. पण न घेतलेली पाच पोरं आहेत, त्यांच्यातही नाही. हे कसं?" वीस तारखेला त्यांना वर अहवाल द्यायचाय. वरून फोन आला की तिथे रोटा संपलाच असेल तर तुमची तपासणी बंद करू, नमुने ठेवायचा तुमचा फ्रीज दुसरीकडे हलवू.

मग म्हणाल्या, "तुम्ही नमुना कसा घेता, मला पहिल्यापासून सांगा."

मी सगळं सांगितलं. पोराला भांड्यावर कसं बसवते, आईला कसं बोलण्यात गुंतवते, बाटली किती भरते, झाकण कसं पुसते, जिना उतरताना बाटली कशी धरते. त्यांनी सगळं लिहून घेतलं. कुठे चूक निघाली नाही. "उत्तम," म्हणाल्या, आणि डोकं धरून बसल्या.

एवढी शिकलेली पोर, पण चेहरा असा की रॉकेल संपलेला दिवा. चहा मात्र बरा करते.

१७ डिसेंबर

सून शाळेचे गणवेश शिवते. संध्याकाळी मशीनवर बसली होती, मी गोटीला मांडीवर घेऊन समोर. माझ्या कामाच्या एप्रनकडे बघून म्हणाली, "आई, याला काय झालं? निळ्यावर सगळे पांढरे ठिपके."

म्हटलं, ब्लीचिंग उडतं भांड्यांचं.

"पक्का रंग होता हा," ती म्हणाली. "तोही खाल्ला त्याने. जंतू बिचाऱ्याचं काय राहत असेल." आणि दाताने दोरा तोडून पुढची शिवण घातली.

गोटी माझं बोट चोखत होती. मी ते काढून घेतलं, स्वच्छ होतं तरी.

भांड्याच्या तळाशी अर्धा पेला. त्यातच शी पडते. तेच ओतून बाटलीत जातं. भिंतीवर सिस्टरने कागद लावलाय, ब्लीचिंगच्या पाण्यात दहा मिनिटांत विषाणू नष्ट होतो. सव्वीस वर्षं मी त्या कागदाखालची फरशी पुसतेय.

म्हणजे तो गेला नव्हता. मी रोज त्याला धुऊन पुसून चष्मेवाल्याकडे पाठवत होते.

अति तेथे माती. आज एवढंच.

१८ डिसेंबर

सांगितलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाला कळणार आहे? उद्यापासून साध्या पाण्याने धुवीन, बाटल्या आपोआप पिवळ्या होतील, डॉक्टरीणबाई म्हणतील, थंडी वाढली म्हणून आला.

पण अहवाल परवाच जाणार. मग फ्रीज हलणार. मग पिवळं व्हायला वाटीच राहणार नाही.

आणि हेही असेल की माझंच चुकत असेल. अर्ध्या पेल्याने काय होतंय? मोठा विषाणू, एवढी पोरं नेली त्याने, अर्ध्या पेल्याला भीक घालील?

गोटीला तेरा आठवडे झाले. दोन दिवस वर.

१९ डिसेंबर

खाई त्याला खवखवे. सकाळी सहालाच वॉर्डात गेले.

चार नंबरला रात्री वखारवाल्याचा मुलगा आला होता. वर्षाचा. वास तोच. त्याला डायपर बांधला, जुन्या पद्धतीने, प्लॅस्टिक आत. शी झाली ती अर्धी सरळ एका बाटलीत घेतली. उरलेली निळ्या भांड्यातल्या ब्लीचिंगच्या पाण्यात घातली, हलवली, जरा थांबले आणि दुसऱ्या बाटलीत ओतली. एक पोरगा, एक शी, दोन बाटल्या.

चष्मेवाला म्हणाला, "आजी, एकाच नंबरच्या दोन कशा?"

म्हटलं, तपासणं तुझं काम, आणणं माझं. आपापलं काम करू.

दुपारपर्यंत त्याच्या दारात स्टूल टाकून बसले. तो म्हणाला, जेवून या. म्हटलं, भूक नाही. त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत मी असं म्हटल्याचं कोणी ऐकलेलं नाही.

अडीच वाजता पट्टी बाहेर आली. एक वाटी पिवळी. शेजारची पाणी.

मी तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. भांडी, अर्धा पेला, अठरा नोव्हेंबरपासून, आणि आजच्या दोन बाटल्या. त्यांनी नोंदवही काढली आणि बोट ठेवत मोजत गेल्या. सत्तावीस बाटल्या. सगळ्या वाया.

"मी तुम्हाला विचारलं होतं, आजी," त्या म्हणाल्या.

"तुम्ही नमुन्याचं विचारलंत," मी म्हटलं. "भांडी धुण्याचं नाही विचारलंत. ते काय सांगायचं असतं, असं मला वाटलं."

त्यांनी नोंदवही मिटली. मग म्हणाल्या, "धुण्याच्या खोलीत मी एकदाही आले नाही."

म्हटलं, बरं केलंत, तिथे पाय घसरतो.

मी एप्रन काढून टेबलावर ठेवला. उद्यापासून येऊ नका म्हणाल्या तर निदान घडी घालून दिलेला बरा. त्यांनी तो उचलला, पांढऱ्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि मला परत दिला. "या दोन बाटल्यांचं कोणी सांगितलं तुम्हाला?"

कोण सांगणार? मीच आणल्या.

"शिकलेली माणसं असंच करतात," त्या म्हणाल्या. "फक्त त्यांना वेळ जास्त लागतो."

मला टोमणा वाटला. चष्मेवाला म्हणतो टोमणा नव्हता.

२० डिसेंबर

डॉक्टरीणबाईंनी वर कळवलं. सत्तावीस नमुने बाद, कारण अमुक, पुन्हा सुरुवात. स्वतःचं नाव लिहिलं, माझं नाही. फोनवर त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं, दाराबाहेर ऐकू येत होतं. शेवटी फ्रीज आणखी दोन महिने इथेच राहणार असं ठरलं.

मी पाचही भांडी साध्या पाण्याने धुतली आणि उन्हात पालथी घातली. हात सारखा ब्लीचिंगच्या डब्याकडे जात होता. शेवटी डबाच सिस्टरच्या कपाटात ठेवला. हवा तेव्हा मागून घेईन.

२१ डिसेंबर

खरी परीक्षा घरी होती.

सुनेला म्हटलं, मी सांगितलं ते खोटं होतं. विषाणू गेलेला नाही. मीच त्याला मारत होते.

तिने मशीन थांबवलं. "आधी म्हणालात गेला. आता म्हणता आहे. उद्या काय म्हणाल? तुमच्या शब्दावर मी पोरीच्या तोंडात काय घालू आणि काय नको घालू?"

बरोबर बोलली. मी तिच्या जागी असते तर एवढ्यावर थांबले नसते.

म्हटलं, मग माझा शब्द सोड. एक दिवस येऊन स्वतः बघ.

२४ डिसेंबर

आली. गोटीला बापाकडे ठेवून. दोघी ठरवा म्हणणारा दुपारभर एकटाच ठरवत बसला असेल.

मी तिला आधी माळ्यावरच्या चटया दाखवल्या. तीस चटया. थेंब यायच्या आधीच्या थंडीत एका खाटेवर तीन-तीन पोरं असायची आणि उरलेली या चटयांवर, दोन खाटांच्या मध्ये. मला पाय ठेवायला जागा नसायची, फरशी पुसायची तर आयांना उठवून पुसायची. मग तिला वॉर्ड दाखवला. वीस खाटा, अकरा रिकाम्या. डिसेंबर आहे.

"मग गेलाच की," ती म्हणाली.

म्हणून चार नंबरला नेलं. वखारवाल्याच्या मुलाने थेंब घेतले नव्हते. सहावा दिवस, अजून नळी हातात, पण आज त्याने बापाची टोपी ओढली. सहा नंबरच्या मुलीलाही रोटाच निघाला होता, तिने थेंब घेतले होते. ती एक दिवस राहून काल घरी गेली. "दोन पोरांवरून काही सिद्ध होत नाही," डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या. "थेंब घेऊनही कधी कधी होतो, बहुतेक वेळा हलका. किती वेळा, तेच आम्ही मोजतोय." खरं बोलायची ही कुठली वेळ, मला राग आला. सुनेला मात्र त्या आवडल्या. नंतर म्हणाली, "त्यांनी काही विकायचा प्रयत्न केला नाही."

जिना उतरताना तिने विचारलं, "तुम्हाला नुसत्या वासावरून कसं कळतं, आई?"

म्हटलं, घरात होता एकदा.

"कोणाला?"

"थोरल्याला."

लग्न होऊन सहा वर्षं झाली, आमच्या घरात तिने थोरला म्हणून तिच्या नवऱ्यालाच ओळखलंय. ती पायरीवर थांबली. मी म्हटलं, चल, तिथे उभी राहू नकोस, लोक बाटल्या घेऊन येतात-जातात.

घरापर्यंत माझा हात धरून चालली. दमली असेल.

२८ डिसेंबर

कामावरून आले. सून शिवत होती. गोटी झोपलेली. मी तारखा मोजून मोजून थकले होते, म्हटलं आज विचारणारच. तोंड उघडणार तेवढ्यात मशीनवर कात्रीखाली दबलेलं गोटीचं लशीचं कार्ड दिसलं. आजची तारीख. थेंबांसमोर सही.

सून वर न बघता म्हणाली, "पाच थेंब. तिने जीभ बाहेर काढून चाटून घेतले. तुमच्यावर गेलीय, काहीही खाते."

मी कार्ड होतं तिथेच कात्रीखाली ठेवलं. वाऱ्याने उडालं असतं.

२० जानेवारी

साध्या पाण्यात धुतलेल्या भांड्यांचा पहिला महिना. वीस बाटल्या, तीनांत रोटा. डॉक्टरीणबाईंनी थेंबांच्या आधीची वही काढून दाखवली. त्या थंडीत विसांतल्या नऊ. आणि तेव्हा वीस नमुने पाच दिवसांत मिळायचे, आता महिना लागला.

तीनांतले दोन जुन्या जातीचे. एक असा, जो चष्मेवाल्याने इथे आधी कधी पाहिला नव्हता. म्हणजे कपडे बदलून बघतोय लबाड. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकावरून घाबरायचं नाही, पण नजर हलवायची नाही. तपासणी चालू राहणार, फ्रीजही राहणार. वरच्या ऑफिसने सगळ्या ठिकाणी नवा कागद पाठवलाय, 'भांडे साध्या पाण्याने धुवून कोरडे करावे. ब्लीचिंग वापरू नये.' चष्मेवाला तो भिंतीवर लावत म्हणाला, "आजी, तुम्ही छापून आलात."

नाव नाही ते बरं आहे.

माळ्यावरच्या वीस चटया मी कोठीत परत केल्या. दहा ठेवल्या. इतकाही माझा कोणावर विश्वास नाही.

२० फेब्रुवारी

काल सकाळी गोटीला उलटी झाली. मग दोनदा पातळ. उचललं तर तो वास.

मी तिला सुनेच्या हातात दिलं. म्हटलं, तू धर, मी खिडक्या लावते, थंडी फार आहे यंदा. सुनेने माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता मीठ-साखरेचं पाणी करायला घेतलं. चमच्याचमच्याने पाजत राहिली. मी चमचे मोजत बसले. दोनशे बारा.

मग सूनच म्हणाली, "बाटली आहे का घरात?" होती. एप्रनच्या खिशात नेहमी असते. डायपर तिनेच उलटा करून बांधला होता, प्लॅस्टिक आत.

२२ फेब्रुवारी

आज सकाळी गोटीने दूध पिऊन पाय हवेत उडवले आणि माझा चष्मा ओढून तोडला. एवढाच काय तो आजार.

दुपारी वाटी बघितली. पिवळीधमक.

चष्मेवाला म्हणाला, "आजी, ही नोंदवहीत घेता येणार नाही. ती इस्पितळात दाखल कुठे झाली? दाखल झालेल्यांचीच मोजतो आपण."

म्हटलं, तुझ्या वहीत नको घेऊस. माझी वही आहे.

गोटी. वय पाच महिने. थेंब दोन वेळा. विषाणू आहे. पोरगीही आहे.